चांदव्याचा रस्सा

रविवारी आमच्या घरात दिवस उजाडायचा तो अण्णांच्या खाकरण्याने. अण्णा म्हणजे माझे वडील. इंदिरानगरच्या आमच्या त्या घरात मोरी स्वयंपाकघराला लागूनच होती, त्यामुळे आधी घशातून, मग नाकातून आणि शेवटी थेट बेंबीच्या देठापासून काढलेले ते आवाज ऐकत आईला पराठे लाटावे लागत. ती मुकाट्याने दुधावर झाकण टाकायची. तो सोहळा आटोपला की अण्णा खाकी पँट आणि खिशाखिशांचं जाकीट घालून गॅलरीत यायचे आणि रबरी बूट चढवायचे. बुटांवर गेल्या रविवारचा चिखल तसाच असायचा. बूट धुवायचे नाहीत असा घरात दंडक होता, कारण चिखलाच्या बुटांमुळे माणूस अस्सल पक्षीनिरीक्षक दिसतो असं त्यांना वाटत असावं. त्या चिखलाला सडक्या पाणवेलींचा आणि मेल्या माशांचा वास यायचा, आणि त्याच गॅलरीत आमचे धुतलेले कपडे वाळत असायचे. अकरावीचं सबंध वर्ष मी त्या वासाची ओढणी घेऊन कॉलेजात गेले. आजही अत्तराच्या दुकानात वगैरे गेले की मी आधी स्वतःचाच पदर हुंगून बघते.

अण्णा ओझरच्या कारखान्यात नोकरीला होते. तिथे त्यांच्या वर दहा माणसं होती, म्हणून रविवारी त्यांना कुणाच्या तरी वर असणं भागच होतं. त्यासाठी पक्षी होते. निफाडच्या पुढे धरणाचा फुगवटा आहे, उथळ पाण्याचा, मैलभर पसरलेला, आणि दिवाळी सरली की तिथे उत्तरेकडून बदकं उतरायला लागतात. चार-पाच नाशिककर मिळून अण्णांनी एक मंडळ काढलं होतं. मंडळात खरी चुरस होती ती दोघांचीच, अण्णांची आणि सबनीस डॉक्टरांची. एकाला चक्रवाक दिसला की दुसऱ्याला त्याच झुडपामागे त्याहून दुर्मीळ काहीतरी दिसलंच पाहिजे. दोघं एकमेकांच्या पाठीवर थाप मारत आणि मनातल्या मनात एकमेकांचे बारा वाजवत. आई कधी आली नाही. ती म्हणायची, "पाखरं बघायला जातात का पाखरांना स्वतःला दाखवायला जातात, देव जाणे." मला मात्र जावं लागायचं, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि मंडळाची वही मी लिहीत असे. पक्ष्याचं नाव, संख्या, वेळ, आणि शेवटच्या रकान्यात कुणी पाहिला. त्या रकान्यात बहुतेक वेळा मी अण्णांचं नाव लिहायची.

खरं तर ते पक्षी बघायचे ते कचरूकाका. कचरूकाका त्या पाण्याकाठच्या गावातले. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून हयात आहेत. त्यांची एक सपाट होडी होती, तिच्यातून ते मासे धरत आणि आम्हाला फिरवत. अण्णा गळ्यात दुर्बीण अडकवून नेमके उलट्या बाजूला बघत असायचे, तेव्हा कचरूकाका हनुवटीने नुसतं दाखवत आणि म्हणत, "त्या बाभळीच्या डाव्या अंगाला बघा, अण्णा. चमच्याच्या चोचीचं हाय." मग अण्णा दुर्बीण वळवून घोषणा करत, "थापट्या." आणि माझ्याकडे बघत, लिही. कचरूकाकांना नावं येत नव्हती असं नाही, त्यांची नावं वेगळी होती इतकंच. अण्णा त्यांना दर वेळी दुरुस्त करायचे. काका वयाने अण्णांपेक्षा चार वर्षांनी मोठे, पण अण्णा त्यांना "अरे कचरू" म्हणत आणि ते अण्णांना "अहो अण्णा" म्हणत. सोळाव्या वर्षी मला ते खटकायचं, पण खटकतं म्हणून बोलून दाखवायचं वय ते नव्हतं, आणि घर तर मुळीच नव्हतं.

एक मात्र अण्णांनी चांगलं केलं होतं. फुगवट्यावर पहारा करायला वनखात्याने गावातली दोन-तीन माणसं रोजंदारीवर नेमली, तेव्हा त्यांनी साहेबांकडे कचरूकाकांसाठी शब्द टाकला होता. काका आता वॉचर झाले होते. गावात सगळे त्यांना "वाचर" म्हणत. खाकी शर्ट मिळाला होता, तो ते रोज धुऊन घालत. दोन हिवाळे नीट काढले तर कायम करतात, असं त्यांना कळलं होतं, आणि तो दुसरा हिवाळा होता. काकांची सगळी आशा त्या कायम होण्यावर होती. होडी जुनी झाली होती, फुगवटा गाळाने भरत चालला होता, मासे कमी. "एकदा कायम झालो का मंग मरायला मोकळा," असं ते म्हणायचे आणि त्यांची बायको, मंदामावशी, त्यांच्या पाठीत बोट खुपसून म्हणायची, "मराया कशाला, आधी पत्रं बदला की घरावरचं."

मंदामावशीचं घर म्हणजे मला त्या रविवारांतली एकुलती एक गोड गोष्ट. दोन खोल्या, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, अंगणात चूल. घराच्या पाठीमागे द्राक्षाचा बाग होता, नुकतीच छाटणी झालेला, त्याच्या फवारणीचा वास आणि चुलीच्या धुराचा वास एकमेकांत मिसळून यायचा. तिच्या हाताला मासळीचा वास असायचा, पण तो मला कधी घाण वाटला नाही. आम्ही चिखलातून आलो की ती आधी तांब्याभर पाणी पुढे करायची. मग बाजरीची भाकरी, कांदा, ठेचा, जे असेल ते. माणूस दारात आला आणि तसाच गेला असं त्या घरात होत नसे. पोस्टमनला चहा, शेजारच्या गावचा कुणी हरवलेलं वासरू शोधत आला तर त्यालाही भाकरी. एकदा मी म्हटलं, "मावशी, तुम्ही सगळ्यांना जेवायला घालता, तुमचं उरतं का?" तर म्हणाली, "आपल्या दारातनं पाणी न पिता गेलेला माणूस रस्त्यात आपलंच नाव घेतो, बाई." ते तिने अगदी साधेपणाने सांगितलं, पीठ मळता मळता.

तर त्या कार्तिकात मुंबईचे एक पाहुणे येणार होते. सगळे त्यांना नुसतं सर म्हणत. पक्ष्यांच्या जगात त्यांचा शब्द चालायचा, आणि फुगवट्यावर मोजणीसाठी जी समिती होणार होती तिचं नाशिककडचं काम कुणाकडे द्यायचं हे त्यांच्या हातात होतं. अण्णांना ते हवं होतं. डॉक्टरांनाही हवं होतं. आमच्या घरात पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता. अण्णांनी नवी टोपी आणली, आणि ती नवी दिसू नये म्हणून दोन दिवस तिच्यावर बसले. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे.

सर यायच्या आदल्या रविवारी आम्ही दोघंच गेलो होतो, पाहणी करायला. होडीत अण्णा, मी आणि वल्हं मारणारे कचरूकाका. सकाळचं ऊन नुकतं पाण्यावर आलं होतं. समोर चांदव्यांचा थवा होता, चारेकशे तरी असतील. चांदवा म्हणजे काळाकुट्ट, कोंबडीएवढा पाणपक्षी, कपाळावर पांढरा टिळा. उडायचं म्हटलं की आधी पाण्यावरून पाय आपटत लांबवर धावतो. गावात त्याला पाणकोंबडीच म्हणतात. अण्णांनी दुर्बीण खाली केली, ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाले, "कचरू, आमच्या मामाकडे थंडीत पाणकोंबडीचा रस्सा व्हायचा. काळ्या मसाल्यातला. त्याची सर कशालाच नाही बघ."

काका हसले. "आमच्यातबी करायचे. आता नाय. वाचर हाय ना मी."

"पुढच्या रविवारी सरांना आणि डॉक्टरांना गावरान कोंबडी कर. माझ्यापुरतं एका वाटीत वेगळं काढून ठेव. कुणाला कळतंय? रस्सा काय, सगळा काळाच."

"नगं अण्णा. कुनी बघितलं तर माझं कायम व्हायचं ऱ्हाईल."

"अरे, मोजणारा मीच ना? दोन कमी लिहू."

आणि अण्णांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. जणू मी त्यांच्या कारखान्यातली कुणी मैत्रीण आहे. माझ्या मांडीवर वही उघडी होती. मला त्यांची किळस आली, अगदी खरीखुरी, पोटातून. पण मी हसले. बापाने डोळा मारल्यावर मुलगी हसते, दुसरं काय करते. काका वल्हं मारत राहिले. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला आज कळतं. ज्या माणसाच्या शब्दावर आपण खाकी शर्ट घातला, तोच माणूस मागतो आहे. शिवाय जो पाखरं मोजतो, वहीत लिहितो, ज्याला साहेब खुर्ची देतात, त्याचाच त्या पाखरांवर हक्क असणार, असं त्यांना खरोखर वाटत होतं. गावात तलाठी शेताची नोंद ठेवतो म्हणून लोक त्याला शेताचा मालक असल्यासारखे भितात, त्यातलाच प्रकार. होडी काठाला लागली तेव्हा ते हळूच म्हणाले, "बघतो."

पुढच्या रविवारी सर आले. ठेंगणे, गोरे, मितभाषी. फुगवट्यावर सगळं छान झालं. अण्णांनी पोटभर पक्षी दाखवले, म्हणजे कचरूकाकांनी हनुवटीने दाखवले आणि अण्णांनी नावं घेतली. डॉक्टरांचा चेहरा उतरत गेला. साडेअकराला आम्ही मंदामावशीच्या अंगणात आलो. तिने सतरंजी अंथरली होती, ताटं मांडली होती, तांबे घासून चकचकीत केले होते. नवं लुगडं नेसली होती ती. डॉक्टर माळकरी, मांसाहार न करणारे, त्यांच्यासाठी पिठलं. बाकीच्यांना रस्सा. मी वाढायला मदत करायला चुलीपाशी गेले तर तिथे एकच मोठं पातेलं. लाल-काळा तवंग, खोबऱ्याचा खमंग वास. मी दबक्या आवाजात विचारलं, "मावशी, अण्णांचं वेगळं कुठाय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "वेगळं कशाला? हे मला म्हन्ले का अण्णांचं वाटीत काढ. म्या म्हन्लं, माझ्या दारात पंगत बसायची आन् एकाच्या ताटात एक, दुसऱ्याच्या ताटात एक? पंक्तिपरपंच करनाऱ्याला देव बघतो. मुंबईवरनं आलेल्याला कोंबडी आन् रोजच्या मानसाला चांगलंचुंगलं? नाय बाई. दोन पानकोंबड्या व्हत्या, त्यांच्यात एक कोंबडी घातली, सगळं एका जागी केलं."

तिच्या दृष्टीने तिने पाहुण्यांचा मान राखला होता. मी बाहेर आले. सगळ्यांच्या ताटात वाढून झालं होतं. अण्णांच्या मागे वाकून मी कानात सांगितलं, "अण्णा, सगळ्यांनाच तेच वाढलंय." अण्णांनी हाडावरचं मांस दातांनी ओढलं, चावलं, गिळलं. मग मान न वळवता म्हणाले, "पहिल्या घासालाच कळलं मला. गप बस आणि जेव." सर समोर बसून मन लावून भुरके मारत होते. अण्णांनी बोटं चाटली आणि हाक दिली, "मंदाबाई, रस्सा वाढा अजून, एखादी नळी असली तर बघा." मावशी हसत धावली. ओठांवरून ओघळलेला तो तेलकट काळा थेंब त्यांनी मनगटाच्या मागच्या बाजूने पुसला आणि सरांना समितीचं सांगायला सुरुवात केली, इथल्या पाणपक्ष्यांना लोकांपासून कसं वाचवायला पाहिजे ते.

आणि मी जेवले. हे मला लिहायलाच हवं, नाहीतर या प्रकरणाला अर्थ नाही. मी बसले, भाकरी कुस्करली, रस्सा ओतला आणि जेवले. मांस काळपट होतं, किंचित चिखलाच्या चवीचं. आणि चांगलं लागलं. शिसारी यायला हवी होती ती आली नाही, उलट जिभेला पाणी सुटलं. मी पहिली भाकरी संपवून दुसरी घेतली. आजवर मला जगातल्या पुष्कळ गोष्टींची किळस आली आहे, लग्नातल्या पंगतींची, निवडणुकीतल्या हातजोड्यांची, बाथरूममधल्या दुसऱ्याच्या केसांची, पण त्या दुसऱ्या भाकरीइतकी कशाचीच नाही.

घात केला मावशीच्या कुत्र्याने. पाठीमागच्या उकिरड्यात पुरलेलं त्याने उकरलं आणि अंगणाच्या मधोमध आणून टाकलं. एक काळा पंख आणि त्याला चिकटलेला पाय. चांदव्याचा पाय कुणालाही ओळखू येतो, प्रत्येक बोटाला दोन्ही बाजूंनी पानासारख्या कातडी झालरी असतात. सरांचा हात तोंडापाशी थांबला. त्यांनी पायाकडे बघितलं, मग ताटाकडे. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं. डॉक्टर पिठलं बाजूला सारून ताठ बसले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आनंदच म्हणेन.

अण्णा उभे राहिले. त्या एका क्षणात त्यांनी जे ठरवलं ते इतक्या चटकन ठरवलं की मला वाटतं, असं काही घडलं तर काय करायचं हे त्यांनी आधीच मनाशी योजून ठेवलं होतं. ताट त्यांनी पायाने उडवलं. "नालायका," ते कचरूकाकांवर ओरडले, "काय खायला घातलंस आम्हाला?" आणि अंगणाच्या कडेला, तुळशीच्या अलीकडे, गुडघ्यांवर बसून त्यांनी दोन बोटं घशात घातली. तेच ते आवाज, जे मी दर रविवारी पहाटे ऐकत होते, तितकेच सरावाचे. सारवलेल्या अंगणात मावशीचा रस्सा परत आला. त्यांनी डोळे पुसले, वर बघितलं, सर बघताहेत की नाही ते पाहिलं, आणि पुन्हा बोटं घातली. मावशी दारात उभी होती, हातात वाढायची पळी तशीच. सरांनाही मग उलटी झाली, ती खरी होती.

अण्णांनी हातरुमालात तो पंख आणि पाय गुंडाळला, पुरावा म्हणून, आणि डॉक्टरांना धरणाच्या चौकीवर पाठवलं. तासाभरात वनखात्याचे एक साहेब आले, तरुण, सभ्य, पावणेदोनच्या उन्हात घामेजलेले. त्यांनी अंगणातच खाट मागवली, कागद काढले. कचरूकाका त्यांच्यासमोर उभे राहिले, खाकी शर्टाचं वरचं बटण लावून. विचारल्यावर त्यांनी सगळं कबूल केलं. मग साहेब म्हणाले, "तू स्वतः वॉचर. तुला कळत नव्हतं? का केलंस?"

काकांनी अण्णांकडे बघितलं. "अण्णा म्हन्ले व्हते, साहेब. गेल्या रविवारी. होडीत."

"मी?" अण्णा म्हणाले, आणि हसले. "सर, ऐकलंत? ज्याला मी नोकरी मिळवून दिली तो."

साहेबांनी लिहिणं थांबवलं. "होडीत अजून कोण होतं?"

"वैशूताई व्हत्या," कचरूकाका म्हणाले. मला त्यांनी पहिल्यांदाच ताई म्हटलं होतं.

सगळे माझ्याकडे वळले. साहेब खरंच मृदूपणे बोलले. "बाळ, घाबरू नकोस. तुझे वडील असं काही म्हणाले होते का? तू खरं सांगितलंस तर या माणसाचं काम मी वाचवायचा प्रयत्न करीन. सांगितल्यावरून केलं आणि आपल्या मनाने केलं, यात फरक असतो." म्हणजे मला सगळं समजेल असं सांगितलं होतं त्यांनी. हे मला कळलं नव्हतं असं मी आजही म्हणू शकत नाही. अण्णा माझ्याकडे बघतही नव्हते, रुमालाची गाठ नीट करत होते. त्यांना खात्री होती, आणि त्या खात्रीची मला सगळ्यात जास्त चीड आली, तरी मी ती खरी केली. मी म्हटलं, "अण्णा असं काही म्हणाले नाहीत."

मग कचरूकाका साहेबांना म्हणाले, "बरोबर हाय साहेब. पोर खरं बोलती. माझ्याच मनानं केलं म्या. लिवा तसं." आणि माझ्याकडे न बघता त्यांनी अंगठा पुढे केला. त्यांना सही येत होती. पेन त्यांनी मागितलंच नाही.

काकांचं काम त्याच दिवशी गेलं. होडी जप्त झाली. केस पुढे कोर्टात बरीच वर्षं रेंगाळली, तारखांना ते पायी जात असं मागाहून कळलं. समितीचं काम अण्णांना मिळालं. सरांनी पत्रात लिहिलं होतं की असा माणूस विरळा. अण्णांनी ते पत्र फ्रेम करून हॉलमध्ये लावलं, आणि ती गोष्ट मंडळात हळूहळू रंगत गेली. अण्णांनी तोंडातला घास काढला, अण्णांनी आपल्याच माणसालाही माफ केलं नाही, पक्ष्यांवर एवढं प्रेम. ते गेले तेव्हा शोकसभेत डॉक्टरांनी, हो, डॉक्टरांनीच, ती गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगितली. सगळ्यांनी आपापल्या मोबाइलवर चांदव्याचा फोटो लावला होता. मी पहिल्या रांगेत बसले होते. लोक येऊन माझे हात हातात घेत होते आणि मी ते घेऊ देत होते. घरी येऊन मी पंधरा मिनिटं साबणाने हात धूत राहिले. माझी मुलगी बाहेरून म्हणाली, "आई, पाणी संपेल." तिला मी अजून सांगितलेलं नाही. हे वाचेल तेव्हा कळेल.

आई मात्र त्या रविवारी संध्याकाळीच समजली असावी. अण्णा आंघोळीला गेल्यावर तिने मला विचारलं, "काय केलं ह्यांनी?" मी म्हटलं, "काही नाही." ती म्हणाली, "तूही त्यांच्यावरच गेलीस तर." एवढंच. त्या रात्री मी जेवले नाही आणि तिनेही मला बोलावलं नाही.

तीन दिवस मी कसेबसे काढले. चौथ्या दिवशी कॉलेजला जाते म्हणून निघाले आणि निफाडची एस्टी धरली. तिथून पुढे माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपने. डोक्यात एकच, आधी मावशीला सांगायचं, मग तिच्यासोबत चौकीवर जायचं आणि जबाब बदलायचा. वाटेत मी वाक्यं जुळवत होते. दुपार झाली होती. कचरूकाका घरी नव्हते, कुणाच्या तरी बागेत मजुरीला गेले होते. मावशी अंगणात बसून डाळ निवडत होती. कडेला तुळशीच्या अलीकडे एक तुकडा नव्याने सारवलेला, बाकीच्या अंगणापेक्षा गडद. मी उंबऱ्यापाशी उभी राहिले आणि घडाघडा बोलले. मी खोटं बोलले, अण्णांनीच सांगितलं होतं, मी साहेबांकडे येते, आत्ता येते.

तिने मान वर केली नाही. "ऱ्हाऊ दे. हे म्हनले, लेकीच्या तोंडून बापाच्या इरोधात बोलायला नगं. तिला त्याच घरी ऱ्हायचं हाय. आता तू गेलीस तर हेच खोटे पडतेन." डाळीतला एक खडा तिने उचलून लांब टाकला. मग, जणू दुसरंच काही विचारतेय अशा आवाजात, म्हणाली, "एक सांग. तुझ्या बापाला खरंच ओकारी आली का गं?"

मला आधी कळेना ती काय विचारते आहे.

"म्हंजी माझ्या हातचं खाऊन," ती म्हणाली. "चार दिस झाले, मला घास जात नाय. वीस वरसं मी दारात आलेल्याला खायला घालते. कुनी असं माझ्या अंगनात..." तिने वाक्य पुरं केलं नाही.

"नाही मावशी," मी म्हटलं. "बोटं घालून काढली. नाटक होतं. रस्सा चांगला झाला होता. त्यांनी दोनदा मागून घेतला. मीपण दोन भाकऱ्या खाल्ल्या." बोलताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिच्या चेहऱ्यावरची एक गाठ सुटल्यासारखी झाली. तिने डोळे मिटले, उघडले, आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"मंग येवढं तरी बोलायचं त्या दिशी," ती म्हणाली. "आमचं काम जाऊ द्यायचं व्हतं. पन येवढं बोलायचं सगळ्यांच्या देखत."

ती उठली, सूप उचललं आणि आत गेली. मी तशीच उभी राहिले, उन्हात, दोन-अडीच तासांच्या प्रवासाने घसा कोरडा पडलेला. आतून भांड्यांचा आवाज आला, चूल फुंकल्याचा आला, भाकरी थापल्याचा आला. माझ्या मनात आलं, आता ती हाक मारील. मी उंबऱ्यापाशीच खाली बसले आणि वाट बघितली. बराच वेळ. मग ती दारात आली, म्हणाली, "जीप येईल आता. जा," आणि दार लोटून घेतलं. तिने मला पाणीसुद्धा विचारलं नाही.